चाळीस चॅनलांपलीकडचे तात्या

तिन्हीसांज झाली की कसबा बावड्यातल्या त्या गल्लीतले दिवे एकेक करून बंद व्हायचे. वीज गेलेली नसायची. लोक आपल्या हातानं बटणं बंद करायचे, पोरांना घरात कोंबायचे आणि स्लॅबवर, जिन्यात, कट्ट्यावर येऊन उभे राहायचे. एवढी माणसं एका जागी आणि एवढी गप्प, हे मी कोल्हापुरात दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, हवेत मळीचा वास. सगळ्यांची तोंडं एकाच घराच्या स्लॅबकडं लागलेली असायची.

तिथं धोंडुबाई उभ्या असायच्या. हातात भाताचं ताट आणि डोळ्यांवर पांढरी पट्टी.

मग ते यायचं. आधी उसाच्या बाजूनं बारीक घुमल्यासारखं, मग जवळ, मग थेट डोक्यावर. काळवंडलेल्या आभाळात दिसायचं काहीच नाही. आवाज घरावर येऊन थांबायचा. धोंडुबाई पट्टी बांधलेलं तोंड वर करायच्या आणि काहीतरी बोलत राहायच्या. ओठ हलताना दिसायचे, शब्द शेजारच्या स्लॅबपर्यंतही पोचायचे नाहीत. पाच-सात मिनिटांनी आवाज उसाकडं परत जायचा आणि गल्ली श्वास सोडायची.

"तात्या आलतं," कुणीतरी हळूच म्हणायचं.

तात्या म्हणजे आकाराम तात्या, धोंडुबाईंचे नवरे. कारखान्यातून निवृत्त झालेले, तिरकस बोलणारे आणि कुणाचं न ऐकणारे. दिवाळीनंतर झोपेतच गेले. त्यांची एकुलती एक मुलगी क्रांती आमच्या दवाखान्यात परिचारिका आहे. मी डोळ्यांची डॉक्टर, निशा. मरणाआधी वर्षभर तात्या मला भेटले की म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, माझं डोळं चांगलं हायत. जाळू नका, वापरा." त्यांच्या शब्दाप्रमाणे क्रांतीनं संमतीची सही केली, मीच त्या घरी गेले आणि त्यांचे डोळे काढून आणले. काढायचं ते डोळ्यावरचं पुढचं पारदर्शक पटल. चेहरा जसाच्या तसा राहतो, शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

आणि त्याच डोळ्यांवरून ही सगळी भुताटकी सुरू झाली होती.

आपल्याकडं तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन असतं. नदीवर नैवेद्य ठेवतात आणि कावळा कधी शिवतो याची वाट बघतात. आमच्या घरी पिंड ठेवत नाहीत. छप्पन सालीच आमच्या आजोबांनी कावळ्याला या कामातून मोकळं केलं. त्यामुळं या पक्ष्याशी माझा कधी संबंध आला नाही, पण क्रांतीसाठी मी त्या सकाळी गेले होते. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघू लागली, आणि एकही कावळा फिरकेना. क्रांतीचे काका हात जोडून म्हणाले, पोरीचं आम्ही बघतो. कुणी म्हणालं, धोंडुबाईला सांभाळतो. तरी नाही. शेवटी नैवेद्य गाईला घातला आणि सगळे मान खाली घालून निघाले.

तेवढ्यात भगव्या कफनीतला काकनाथ महाराज पुढं झाला. मळ्याकडच्या वाटेवर त्याचा पत्र्याचा मठ आहे. कुणाकडचंही रक्षाविसर्जन असलं तरी हा न बोलावता हजर असतो आणि आपल्याला कावळ्याची भाषा कळते असं सांगतो. त्या दिवशी एकही कावळा नव्हता, तरी त्याला सगळं ऐकू आलं.

"कावळा का शिवला न्हाय?" तो म्हणाला. "आत्मा आलाय. हितंच हाय. पर त्याला ताट दिसंना. कशानं दिसंल? डोळं कुठं हायत त्याचं? दवाखान्यातल्या बाटलीत!"

माणसं माझ्याकडं बघू लागली. मी तिथल्या तिथं सांगायचा प्रयत्न केला. महाराज हसला. "डॉक्टरीणबाई, तुमच्यात पिंड न्हाय. तुमास्नी कावळ्याचं काय कळणार?"

"कावळ्याचं कळत नाही," मी म्हणाले, "पण डोळ्याचं कळतं."

बाणेदार उत्तर होतं. उपयोग शून्य झाला. त्याच संध्याकाळी घरावर पहिल्यांदा घुमायला लागलं.

महाराजांनी विधी सांगितला. आंधळा आत्मा घर हुंगत येतो, त्याला बायकोनं आपली नजर द्यायची. म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधायची. येत्या अमावास्येला क्रांतीनं चारचौघांत नाक घासायचं, दवाखान्याची नोकरी सोडायची, आणि त्या दिवसापासून धोंडुबाईंची पट्टी कायमची, मरेपर्यंत. उजेड करायचा नाही, उजेडानं आंधळा आत्मा बिथरतो. गल्लीनं घरटी चांदीचे डोळे मठात वाहायचे. डोळे नसलेला आत्मा रोज बिनचूक त्याच घरावर येतो, आणि त्याच घरातलं ताट मात्र त्याला दिसत नाही, हे कुणालाच खटकत नव्हतं. एकदा अवकाळी पाऊस झाला, त्या संध्याकाळी तात्या आले नाहीत. "आत्म्याला पाण्याची शीव ओलांडता येत न्हाय," महाराज म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. तात्या पाच-सात मिनिटंच का थांबतात, याचंही उत्तर तयार होतं. "तेवढीच परवानगी हाय."

मी चिडत होते, आणि क्रांती खंगत होती. कारण धोंडुबाईंनी अन्न सोडलं होतं.

"ह्यांनी घास घेतल्याबिगर मी घेणार न्हाय," एवढंच त्या बोलल्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू आणि पोटात फक्त चहा आणि ताक. दोनदा जिन्यातच चक्कर येऊन पडल्या. क्रांती पाणी घेऊन जवळ गेली की हात झिडकारायच्या. लेकीशी त्या बोलतच नव्हत्या.

"मॅडम," क्रांती एकदा इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवून मला म्हणाली, "मी नाक घासते. नोकरी सोडते. आई जगली पाहिजे."

"आणि ती पट्टी?"

तिनं ट्रे परत उचलला आणि वॉर्डाकडं वळली. आमच्या नेत्रपेढीत तेव्हा नेत्रदानाचे संकल्प मागं घेणारे फोन रोज येत होते. पण खरं सांगायचं तर मला त्या फोनांपेक्षा जिन्यात पडणारी ती बाई जास्त दिसत होती.

ते ड्रोन आहे हे मी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं होतं. त्यात काही हुशारी नव्हती. माझा नवरा प्रसेनजीत कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ड्रोन उडवतो, तो आवाज माझ्या घरातलाच. गल्लीतल्या शहाण्यासुरत्यांनाही शंका आली होती. लग्नात ड्रोन सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात प्रसेनला घेऊन गेले.

त्यानं लोकांना नीट समजावलं. ड्रोनवरचा कॅमेरा जे बघतो, त्याचं चित्र रेडिओवरून खाली येतं, आणि उडवणारा डोळ्यांना चष्मा लावून ते बघतो. या छोट्या ड्रोनमध्ये ते चित्र उघडंच असतं. चॅनल जुळलं की दुसऱ्याच्याही चष्म्यात दिसतं. "चाळीस चॅनल आहेत," प्रसेन म्हणाला. "वर ड्रोन असेल तर चाळिसातल्या एकावर हे घर दिसेल."

आवाज आला. प्रसेननं चष्मा चढवला. एक, दोन, तीन करत तो चाळीसपर्यंत गेला आणि पुन्हा मागं आला. गल्ली त्याच्याकडं बघत होती. आवाज डोक्यावर तसाच होता.

"काय दिसलं, सर?" महाराजांनी विचारलं.

प्रसेन खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. तो म्हणाला, "काही नाही. नुसत्या मुंग्या."

"मुंग्या!" महाराज गल्लीकडं वळला. "ऐकलं? यंत्रानंच सांगितलं, वर कायबी न्हाय. अवो पावणं, आत्म्याची फ्रिक्वेन्सी तुमच्या चष्म्यात बसायची न्हाय."

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले. ज्यांना थोडी शंका होती, त्यांचीही गेली. विज्ञानानं शोधलं आणि काही सापडलं नाही, म्हणजे तात्याच. त्या अंधारात, डोक्यावर तो आवाज आणि समोर तोंड वर करून पुटपुटणारी ती बाई, माझ्याही मानेवर काटा आला. या हातांनी मी तात्यांचे डोळे काढले होते.

उचगावला आमच्या घरामागं माळ आहे. तिथं दर रविवारी प्रसेन आणि त्याचे मित्र ड्रोन उडवतात. सगळे एकदम उडवायला लागले की चित्रं एकमेकांत घुसतात, म्हणून त्यानं चित्र पाठवणारा नवा सुटा भाग आणला होता. त्यात काही जास्तीचे चॅनल कुलूपबंद असतात आणि ते उघडता येतात. त्या रविवारी मित्र यायच्या आधी त्यानं एकदा उघडून बघितले, ड्रोन वर सोडला, आणि लगेच कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं?" मी चहा घेऊन आले होते.

"चित्र गेलं. हे चॅनल माझ्या जुन्या चष्म्यात नाहीतच." तो ड्रोन खाली आणायला लागला. "आणि तसंही ते वापरायचे नसतात. दुसऱ्यांच्या कामासाठी राखून ठेवलेत, परवान्याशिवाय मनाई आहे."

मी वर बघितलं. ड्रोन आमच्या डोक्यावर घुमत होता.

"प्रसेन, तो आत्ता कुठं आहे?"

"हा काय, वर."

"आणि चष्म्यात?"

"मुंग्या," तो म्हणाला, आणि डोक्यावरच्या ड्रोनकडं बघायला लागला. महाराज आयुष्यात एकदाच खरं बोलला होता. फ्रिक्वेन्सी खरोखरच आमच्या चष्म्यात बसत नव्हती. चूक आमची होती. आपण जिथं शोधलं तिथं नाही, याचा अर्थ कुठंच नाही, असं आम्ही दीडशे माणसांसमोर सांगून आलो होतो.

प्रसेननं ते चॅनल परत बंद केले. "आपल्याला पाठवायचं काही नाही," तो म्हणाला, "फक्त बघायचंय." त्यासाठी ते जास्तीचे चॅनल पकडणारा रिसीव्हर लागत होता. तो मिळेपर्यंत अमावास्या उजाडली.

त्या संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मठातून आणलेल्या परातीत चांदीचे डोळे चकाकत होते. क्रांती पांढऱ्या साडीत, केस मोकळे सोडून उंबऱ्याजवळ बसलेली. धोंडुबाईंना दोघींनी धरून स्लॅबवर नेलं, इतकं त्यांच्या अंगात त्राण राहिलं नव्हतं. आम्ही मागच्या दारानं आत गेलो. पुढच्या सोप्यात जुना टीव्ही होता. प्रसेननं रिसीव्हर त्याला जोडला आणि टीव्ही दाराकडं तोंड करून ठेवला.

"हे काय चाललंय?" महाराज म्हणाला. "उजेड नको म्हणून सांगितलंय न्हवं?"

"महाराज," मी म्हणाले, "तात्यांना टीव्ही फार आवडायचा. चालू दे की."

मागून तात्यांचा एक म्हातारा मित्र म्हणाला, "ते खरं हाय." त्याला गप्प बसवणं महाराजांना जमलं नाही. तेवढ्यात घुमायला लागलं.

प्रसेन चॅनल फिरवत होता. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, परत मुंग्या. चाळीस संपले. महाराजांनी घसा खाकरला. मग प्रसेन पुढं गेला, आणि पडदा थरथरला. आधी राखाडी पट्टे, मग छपरं, पाण्याच्या टाक्या, तारा. मग एक स्लॅब, आणि तिच्यावर एक बाई. हातात ताट, चेहऱ्यावर पांढरी पट्टी, तोंड थेट आमच्याकडं केलेलं. ओठ हलत होते.

सोप्यातून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यातून गल्लीपर्यंत माणसं माना उंच करून पडद्याकडं बघू लागली. आपण ज्या बाईकडं रोज खालून बघतो, तिच्याकडं वरून कुणीतरी रोज बघत होतं.

"ही आपली धोंडुबाई," कुणीतरी म्हणालं.

"माया हाय ही," महाराज म्हणाला. "आत्म्यानंच दाखवलंय. आत्म्याची नजर परत आली. विधी फळला, बघा!"

हे ऐकून दोघातिघांनी हात जोडलेसुद्धा. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा क्रांती उठली. धावत जिना चढली, आणि पडद्यावरच्या स्लॅबवर आली. तिनं वर बघितलं, दोन्ही हात उंच केले आणि ओरडून म्हणाली, "आत्मा असशील तर जाऊ नगंस! रातभर थांब!"

पडद्यावरचं चित्र गपकन हललं. स्लॅब बाजूला सरकली. ड्रोन निघाला होता.

"बंद करा ते," महाराज टीव्हीकडं धावला. मघाचा म्हातारा मध्ये उभा राहिला. "थांबा की महाराज. बघू दे, तात्या कुटं जातंय ते."

आणि सगळ्या गल्लीनं बघितलं. खालून आपली छपरं सरकली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सरकली, मग ऊस, उसातली पायवाट, आणि मठाचा पत्रा. पत्र्यामागं एक खुर्ची होती. खुर्चीत डोळ्यांना चष्मा लावलेला माणूस. चित्र खाली खाली गेलं, त्या माणसाच्या पायाशी टेकलं. त्यानं चष्मा काढला आणि उचलायला वाकला, तेव्हा त्याचा चेहरा पडदाभर झाला.

"आरं, हा तर धैर्यशील!"

गल्लीतल्या निम्म्या लग्नांचं चित्रण त्यानं केलं होतं. महाराज मागच्या दाराकडं सरकत होता. गल्लीतल्या बायकांनी ते दार आधीच लावलं होतं.

पोरं धैर्यशीलला ड्रोनसकट घेऊन आली. तो काही लपवायच्या परिस्थितीत नव्हता. एकाच मंगल कार्यालयावर दोन ड्रोन आले की चित्रं घुसतात, म्हणून त्यानं पहिल्यांदा जास्तीचे चॅनल उघडले होते, नंतर ते महाराजांच्या कामी आले. रक्षाविसर्जनाच्या सकाळी उजाडायच्या आधीच त्यानं नदीकाठच्या झाडांवरून ड्रोन फिरवला होता. "कावळ्यास्नी ती घारच वाटती. अर्धा दिवस परत येत न्हाईत," तो खाली बघत म्हणाला. ज्या घरचं रक्षाविसर्जन महाराज सांगेल, तिथं हेच. लोक घाबरले की मठात यायचे. पुढं पोलीस आले, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, ड्रोनही जप्त झाला. परातीतले डोळे ज्याचे त्यानं गुपचूप उचलून नेले.

पण ते सगळं नंतर. त्याआधी क्रांतीनं आईला हाताला धरून खाली आणलं होतं. धोंडुबाईंना नुसता गलका ऐकू येत होता.

"आई, पट्टी सोड," क्रांती म्हणाली. "तात्या न्हवतं ते."

त्यांनी स्वतःच गाठ सोडली. बराच वेळ बांधलेल्या डोळ्यांना टीव्हीचा उजेड सोसेना. डोळे मिचकावत त्यांनी आधी पडदा बघितला, मग ड्रोन, मग खाली मान घालून उभा राहिलेला धैर्यशील. क्रांतीनं थोडक्यात सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटलं, आता या पडतील.

"म्हंजे मी रोज ह्याच्यासंगं बोलत होतो?" त्यांनी विचारलं.

एखाद्याची श्रद्धा खोटी ठरवणं सोपं असतं. तिच्यात त्यानं काय काय ठेवलेलं असतं, ते मात्र बरोबर फुटतं. ते मला त्या वेळी दिसलं, आणि खूप वाईट वाटलं.

धोंडुबाई धैर्यशीलच्या समोर गेल्या. "तू सगळं ऐकलंस?"

"न्हाय, काकी." तो पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "आईशप्पत. आवाज येत न्हाय. नुसतं दिसतं."

त्यांनी वळून प्रसेनकडं बघितलं. "खरं बोलतोय ह्यो?"

"खरं आहे, मावशी," प्रसेन म्हणाला. "वर पंख्यांच्या आवाजापुढं काही ऐकू आलंच नसतं. तुम्ही काय बोललात ते कुणालाही माहीत नाही."

धोंडुबाईंनी डोळे मिटले आणि हातातली पट्टी खाली टाकली.

मी भोवतीच्या माणसांशी बोलले. भाषण नव्हतं ते, राग होता. मी म्हणाले, मेलेल्या माणसाला परवानगी लागत नाही, पाच-सात मिनिटांत संपणाऱ्या बॅटरीला लागते. आवाज आला तर हात जोडायच्या आधी दिवा लावा. दिवा लावू नका असं जो सांगतो, त्याच्याच तोंडावर आधी लावा. कावळा शिवला नाही तर कावळ्याला काय झालं ते बघा, घरातल्या लेकीला काय शिक्षा द्यायची ते बघू नका. आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांनीही एक करावं. एकदा शोधून सापडलं नाही, तर मला सापडलं नाही एवढंच म्हणावं आणि पुन्हा शोधावं. आम्ही तेवढं म्हणालो असतो, तर ही बाई जिन्यात दोनदा पडली नसती.

लोक हळूहळू पांगले. जाता जाता कुणीतरी गल्लीतला दिवा लावला, मग दुसऱ्यानं, मग सगळीकडं उजेड झाला.

धोंडुबाई सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. क्रांती जवळ जायला धजत नव्हती. मीच विचारलं, "मावशी, बरं वाटतंय का?"

"तात्या गेलं," त्या म्हणाल्या. पंधरवड्यानंतर त्या पहिल्यांदाच तसं म्हणाल्या. मग त्यांनी लेकीकडं बघितलं. "क्रांते, भाकरी हाय का गं?"

"हाय की, आई."

"मग आण. आन् तुझंबी वाढून घे."